स्वच्छ आज्ञावली आणि सामाईक शिस्त

सियालदह हे नाव मराठीत जसे लिहिले जाते तसे ते बंगाली माणसाच्या तोंडून ऐकू येत नाही. तो ‘शियालदा’ म्हणतो. इंग्रजांनी आपल्या कानाला जसे वाटले तसे त्याचे स्पेलिंग करून ठेवले आणि परप्रांतातला प्रवासी त्या स्पेलिंगवरून आणखी एक तिसराच उच्चार करतो. परंतु रेल्वेच्या वेळापत्रकात, तिकिटावर आणि आरक्षण-कचेरीतील संगणकाच्या पडद्यावर या स्थानकाची खूण एकच आहे. एस, डी, ए, एच ही ती चार रोमन अक्षरे. आगरतळ्याचा तिकीटबाबू, मुंबईच्या खिडकीमागचा कारकून आणि कोलकात्याचा हमाल यांची मातृभाषा निराळी असली तरी या चार अक्षरांविषयी त्यांच्यात मतभेद नाही. कोणी एकाने आपल्या आवडीने दुसरी अक्षरे योजावीत, तिसऱ्याने ‘तेच ते’ म्हणून पाचवे अक्षर जोडावे, असा स्वैरपणा तेथे चालला असता तर प्रवासी एकीकडे आणि त्याची जागा दुसरीकडे अशी गत झाली असती.

या चार अक्षरांमागे एक मोठा लेखनप्रपंच उभा आहे. भारतीय रेल्वेतील आरक्षणाचे संगणकीकरण १९८५ च्या सुमारास दिल्लीत प्रथम सुरू झाले. पुढील काही वर्षांत मुंबई, कोलकाता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेही ते आले. पाचही ठिकाणच्या यंत्रणा प्रारंभी स्वतंत्र होत्या. त्या १९९९ मध्ये एकमेकींशी जोडल्या गेल्या आणि देशातील कोणत्याही केंद्रावरून कोणत्याही गाडीचे आरक्षण मिळू लागले. या यंत्रणेच्या आज्ञावली फोर्ट्रान आणि सी या संगणकभाषांत लिहिलेल्या होत्या. १९८५ साली पंचविशीत असलेला तरुण आज साठी ओलांडून गेला आहे. त्याने लिहिलेले वाक्य मात्र त्याच्या निवृत्तीने निवृत्त होत नाही. ते दुसऱ्याच्या हाती जाते, तिसरा त्यात भर घालतो, चौथा ते दुरुस्त करतो आणि पाचव्याला मध्यरात्री दूरध्वनीवरून जागे करून विचारले जाते की, यंत्र का अडले आहे? त्या घटकेला त्याच्यासमोर असते ते केवळ लिखाण. लिहिणारा तेथे खुलासा करावयास हजर नसतो.

आज सियालदहच्या भूमीखालीही अशा लिखाणाच्या भरवशावर माणसे प्रवास करतात. १८६९ साली उभ्या राहिलेल्या जुन्या स्थानकाच्या शेजारी २०२२ च्या जुलैत भुयारी मेट्रोचे स्थानक सुरू झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सियालदह ते एस्प्लनेड हा राहिलेला दुवा जोडला जाऊन हुगळीपलीकडील हावडा मैदानापासून सॉल्ट लेकपर्यंत मार्ग सलग झाला. या मार्गावर गाडी आणि मार्गालगतची यंत्रणा एकमेकींशी रेडिओवरून अखंड संवाद करीत असतात. पुढील गाडी किती अंतरावर आहे, या गाडीने किती वेगाने जावे, हे आज्ञावली ठरविते. फलाटाच्या कडेची दारे गाडी जागेवर थांबल्यावाचून उघडत नाहीत. मुलाचा हात धरून उभ्या असलेल्या आईला त्या दारापलीकडे काय चालले आहे याची कल्पना नसते आणि असण्याचे कारणही नाही. परंतु ज्यांनी ते लिहिले आणि जे उद्या त्यात बदल करतील, त्यांना मात्र एकमेकांचे लिखाण निःसंदिग्ध कळावयास हवे.

‘स्वच्छ आज्ञावली’ या शब्दप्रयोगाचा अर्थ एवढाच आहे. यंत्राला स्वच्छतेचे सोयरसुतक नसते. ‘तत्काळ कोट्यातील शिल्लक जागा’ या संख्येला कोणी ‘क्ष-दोन’ असे नाव दिले काय आणि ‘तत्काळ-शिल्लक’ असे दिले काय, यंत्र दोन्ही आज्ञा सारख्याच निमूटपणे पाळते. फरक पडतो तो माणसाला. ‘क्ष-दोन’ म्हणजे काय हे ज्याने लिहिले त्याला त्या आठवड्यात ठाऊक असते. तीन महिन्यांनी त्यालाच आठवावे लागते, आणि तीन वर्षांनी दुसऱ्या कोणाला ते अंदाजाने ताडावे लागते. अंदाज बहुधा बरोबर ठरतो, आणि धोका असतो तो याच ‘बहुधा’त. नाव अर्थाला धरून असावे, एका कलमाने एकच काम करावे, एकच गोष्ट दहा ठिकाणी लिहून ठेवू नये, जे वापरात नाही ते काढून टाकावे आणि लिहिलेले बरोबर चालते की नाही याची परीक्षा यंत्राकडूनच पुन्हा पुन्हा घेता यावी, ही या स्वच्छतेची ढोबळ लक्षणे होत. यांत दुर्बोध असे काहीच नाही. ती पाळणे इतके कठीण का जाते, हा खरा प्रश्न आहे.

खुणेचा आणि वस्तूचा मेळ तुटला म्हणजे काय होते, याचे दारुण उदाहरण कोलकात्याहून दक्षिणेस जाणाऱ्या लोहमार्गावरच घडले. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात शालिमारहून निघालेली कोरोमंडल एक्स्प्रेस भलत्याच रुळावर वळली, उभ्या मालगाडीवर आदळली आणि पावणेतीनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत असे दिसून आले की, सिग्नलच्या पेटीतील तारांवर लिहिलेल्या खुणा प्रत्यक्ष जोडणीशी जुळत नव्हत्या आणि ही विसंगती वर्षानुवर्षे तशीच राहिली होती. तेथे प्रश्न आज्ञावलीचा नव्हता, तारांचा होता. पण चुकीचे नाव धारण करून बसलेली तार आणि चुकीचे नाव धारण करून बसलेले आज्ञावलीतील चल यांची जातकुळी एकच. दोन्ही दुरुस्त करावयास आलेल्या प्रामाणिक माणसालाच फसवितात.

या बेशिस्तीचा काही भाग जुन्या काटकसरीतून आला आहे. भारतातील पहिला संगणक कोलकात्याच्याच उत्तर भागात, बरानगर येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत, १९५५ मध्ये इंग्लंडहून आणला गेला. त्या काळच्या यंत्रांची स्मृती इतकी तोकडी असे की, एक एक अंक वाचविणे हे कौशल्य मानले जाई. लांबलचक नाव ही चैन होती. जो कमीत कमी जागेत, इतरांना उलगडणार नाही अशा युक्तीने काम साधील तो गुणी. परिस्थिती तशी होती, तेव्हा त्या पिढीला दोष देता येणार नाही. पुढे स्मृती स्वस्त झाली तरी सवय मात्र महागच राहिली. सालाचे चार अंक न लिहिता दोनच लिहावे, या काटकसरीची किंमत १९९९ साली साऱ्या जगाने मोजली. जुन्या आज्ञावली ओळीओळीने तपासण्याचे ते अवाढव्य काम ज्या देशांकडे आले त्यांत भारत अग्रभागी होता. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले वाचता येण्यावर येथील हजारो तरुणांची पहिली कमाई झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वापरात नसलेले काढून न टाकल्याने काय ओढवते, ते १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात दिसले. नाइट कॅपिटल नावाच्या दलाली पेढीने आपल्या आठ संगणकांपैकी सातांवर नवी आज्ञावली बसविली, पण आठवा संगणक नजरचुकीने राहून गेला. त्या संगणकात कित्येक वर्षांपूर्वी सोडून दिलेले एक जुने कलम तसेच पडून होते. नव्या आज्ञावलीत जी खूण नव्या कामासाठी योजली होती, तीच पूर्वी त्या जुन्या कलमाची खूण होती. बाजार उघडताच मेलेले कलम जिवंत झाले आणि बेसुमार खरेदी-विक्री करू लागले. पाऊण तासात चव्वेचाळीस कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला आणि पेढीचे स्वतंत्र अस्तित्व संपले. तेथील माणसे अडाणी नव्हती. जुने कलम काढून टाकणे हे कोणा एकाचे काम नव्हते, म्हणून ते कोणाचेच झाले नाही.

येथे गोष्ट व्यक्तीकडून संघाकडे येते. एकट्या माणसाची शिस्त ही त्याच्या स्वभावाची गोष्ट झाली. दहा माणसांची शिस्त स्वभावावर सोपवून चालत नाही. तेव्हा व्यवस्थापकाला पहिला उपाय सुचतो तो नियमांचे पुस्तक करण्याचा. पुस्तक छापले जाते, नव्या माणसाच्या हाती दिले जाते, त्याची सही घेतली जाते. एवढ्याने काम भागत असते तर रेल्वेइतके निश्चिंत कोणीच नसते. रेल्वेत प्रत्येक स्थानकाची कार्यनियमावली असते, नव्याने आलेला स्टेशनमास्तर ती वाचून समजल्याची सही नोंदवहीत करतो, आणि पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्यासाठी डायरीत सर्व स्थिती लिहून ठेवतो. दोन स्थानके एकमेकांना निरोप देतात तेव्हा तो समजल्याची साक्ष म्हणून छापील कागदावरील गुप्त क्रमांक परस्परांना सांगतात. ‘ऐकले’ आणि ‘समजले’ यांतील अंतर या खात्याने फार पूर्वी ओळखले होते.

तरीही १७ जून २०२४ ची सकाळ उगवली. आगरतळ्याहून सियालदहकडे येणारी कांचनजंगा एक्स्प्रेस उत्तर बंगालमध्ये रांगापाणी स्थानकाच्या पुढे थांबत थांबत चालली होती. त्या पट्ट्यातील स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून बिघडले होते, म्हणून बंद सिग्नल ओलांडण्याचे लेखी परवाने चालकांना दिले जात होते. अशा वेळी किती सावकाश जावे आणि प्रत्येक बिघडलेल्या सिग्नलपाशी किती थांबावे, याविषयी नियम होता. त्या परवान्यावर वेगाची मर्यादा मात्र लिहिलेली नव्हती. मागून त्याच रुळावर एक मालगाडी आली आणि कांचनजंगेवर आदळली. किमान दहा माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत मालगाडीचा चालकही होता. चौकशीत निष्पन्न झाले ते असे की, त्या सकाळी तेथून गेलेल्या गाड्यांपैकी बहुतेकांच्या चालकांनी परवान्याचा अर्थ आपापल्या समजुतीने केला होता. कांचनजंगा नियमाप्रमाणे हळू चालली होती. मार्ग मोकळा आहे अशा समजुतीने येणारी गाडी तिच्यावर येऊन आदळली. चालकांना आणि स्टेशनमास्तरांना या प्रसंगाचे पुरेसे शिक्षण दिले गेले नव्हते, असाही निष्कर्ष निघाला.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कोणत्याही संघाने ही घटना आपल्या संदर्भात विचारात घ्यावी इतकी ती बोलकी आहे. नियम होता, कागद होता, सहीही होती. नव्हता तो सामाईक अर्थ. आणि जेथे अर्थ सामाईक नसतो तेथे नियम पाळणाराच अधिक संकटात सापडतो. संघातील एकजण काळजीपूर्वक परीक्षा लिहितो, नावे नीट देतो आणि त्यामुळे त्याचे काम दोन दिवस उशिरा पुरे होते. शेजारी ते धसमुसळेपणाने आटोपून शाबासकी मिळवितो, आणि त्याने करून ठेवलेला गुंता सोडविण्याचे कामही पुढे पहिल्याकडेच येते. असे दोनतीनदा झाले की तोही शहाणा होतो. पुस्तक कपाटात राहते.

मग अर्थ सामाईक होतो कसा? जेथे तो झाला आहे तेथे एक गोष्ट सर्वत्र आढळते. ती म्हणजे परस्परांचे लिखाण वाचण्याची आणि आपले वाचू देण्याची सवय. अमेरिकन लेखक जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ साली प्रोग्रॅमरांच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी अहंकारविरहित आज्ञावली-लेखनाची कल्पना मांडली. आपण लिहिलेल्या ओळींशी माणूस आपला मानापमान जोडून बसतो, मग त्यातील दोष त्यालाच दिसेनासा होतो, म्हणून ते दुसऱ्याला निःसंकोच दाखवावे, असा त्यांचा आशय. १९७६ मध्ये आयबीएम या कंपनीतील मायकेल फॅगन यांनी अशा वाचनाची पद्धतशीर रीत प्रसिद्ध केली. नव्वदीच्या दशकाअखेर केंट बेक यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. आज्ञावलीचा कोणताही भाग कोणा एकाच्या मालकीचा नसावा, ज्याला सुधारणा दिसेल त्याने ती करावी, असे त्यांनी सुचविले.

आपल्याकडे या मार्गात एक विशेष अडसर आहे आणि तो संगणकाचा नव्हे. ‘सरांनी लिहिले आहे’ या तीन शब्दांपुढे कोलकात्यात काय, पुण्यात काय किंवा बंगळुरात काय, कनिष्ठाची जीभ अडखळते. वरिष्ठाच्या लिखाणातील चूक दाखविणे म्हणजे उद्धटपणा, आणि कनिष्ठाने आपली चूक ऐकून घेणे म्हणजे पाणउतारा, अशा दोन समजुतींच्या कात्रीत वाचनाची सभा निव्वळ उपचार होऊन बसते. सर्वजण ‘ठीक आहे’ म्हणतात आणि चहा येतो. यावर एकच उपाय चालतो असे दिसते. संघातील सर्वांत जाणत्या माणसाने प्रथम आपले लिखाण सर्वांसमोर ठेवावे, सर्वांत नव्याला त्यावर बोलते करावे, आणि त्याने काढलेली खोड खरी असल्यास त्याच बैठकीत ती दुरुस्त करावी. दहा परिपत्रकांनी होणार नाही ते अशा एका दुपारने होते.

मराठी मुलुखाला या रीतीचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पुरे केले. जवळजवळ अर्धशतक, बाराशेंहून अधिक हस्तलिखिते, निरनिराळ्या प्रांतांचे आणि देशांचे संपादक. उद्योगपर्व बंगालच्या सुशीलकुमार दे यांनी संपादिले, सभापर्व अमेरिकेच्या फ्रँक्लिन एजर्टन यांनी. मुख्य संपादक डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी पाठनिवडीची तत्त्वे १९३३ मध्ये आदिपर्वाच्या प्रस्तावनेत विस्ताराने मांडली होती. ते १९४३ साली निवर्तले, कामाची धुरा प्रथम बेलवलकरांकडे आणि मग वैद्यांकडे गेली, तरी पर्वापर्वांतील शिस्त मोडली नाही. कारण प्रत्येक पर्वात ती तत्त्वे वापरून दाखविलेली होती आणि पुढच्या संपादकाला मागचे पर्व उघडून पाहता येत होते. ज्या पाठाविषयी संपादकाची पूर्ण खात्री नव्हती त्याखाली त्याने नागमोडी रेघ ओढली. प्रक्षिप्त ठरलेले श्लोक मूळ संहितेतून काढले, पण फेकून न देता तळटीपांत आणि परिशिष्टांत क्रमांक देऊन जपले. आज्ञावली लिहिणारे संघ आज प्रत्येक बदलाचा इतिहास संगणकात राखतात. म्हणून नको झालेले कलम निर्धास्तपणे काढता येते, हवे तर ते पुन्हा सापडते. नागमोडी रेघेची मात्र या व्यवसायात अद्याप वाण आहे. ‘येथे माझी खात्री नाही’ असे लिहून ठेवणारा प्रोग्रॅमर विरळा.

दुसऱ्या टोकाचा अतिरेकही नाही असे नव्हे. रॉबर्ट मार्टिन यांचे या विषयावरील २००८ मधील पुस्तक हाती पडल्यापासून काही तरुण त्याची पोथी करून बसले आहेत. प्रत्येक कलम चारपाच ओळींचेच हवे म्हणून सुबोध मजकुराचेही तुकडे पाडले जातात आणि वाचणाऱ्याला एका पानावरून दुसऱ्या पानावर धावावे लागते. कंस कोणत्या ओळीत लिहावा यावर तर भल्याभल्यांनी आयुष्ये वेचली. गो नावाच्या संगणकभाषेच्या कर्त्यांनी हा वाद यंत्राकडेच सोपविला. मांडणी यंत्र करून देते, कोणाच्याच आवडीची नसते, आणि म्हणून सर्वांना चालते. जे यंत्राला ठरविता येते त्यावर माणसांनी भांडू नये. नाव बरोबर आहे की नाही, हा विचार या कलमात असावा की त्या, हे मात्र यंत्राला कळत नाही. तेथे पुस्तकही अपुरे पडते. तिकिटांची आज्ञावली लिहिणारा संघ आणि मेट्रोच्या गाड्या थांबविणारी आज्ञावली लिहिणारा संघ यांची उत्तरे एक असणार नाहीत. ज्याने त्याने आपली उत्तरे आपापसांत बोलून ठरवावी लागतात, आणि चार माणसे गेली, चार नवी आली की पुन्हा ठरवावी लागतात.

या दृष्टीने नव्या माणसाचा पहिला महिना मोलाचा असतो. त्याला पुस्तक देण्यापूर्वी एखादी लहानशी दुरुस्ती द्यावी, आणि ती करताना काय काय समजले नाही याची यादी मागावी. ‘हे नाव असे का?’, ‘हे कलम कोण वापरते?’, ‘ही गोष्ट दोन ठिकाणी का?’ असे प्रश्न त्या यादीत असतील. जुन्यांनी ते हसण्यावारी न नेता एकेकाचे उत्तर द्यावे, आणि ज्याचे उत्तर कोणालाच देता येत नाही ती जागा त्याच आठवड्यात दुरुस्त करावी. दुसऱ्या महिन्यात हे विचारून उपयोग होत नाही. तोवर ‘क्ष-दोन’ त्याच्याही अंगवळणी पडलेले असते.